दोन मात्रांमधली जागा

बेळगावच्या शहापुरातल्या श्रीपादबुवांच्या क्लासात एक नियम फार कडक होता. गाताना ताल धरणारा हात तेवढा हलेल, बाकी अंग हलायचं नाही. मान डोलावणं, डोळे फिरवणं, हवेत बोटं नाचवणं हे त्यांना नाटक्या लोकांचं काम वाटे. "गाणं गळ्यात असतं, मानेत नाही," असं ते नव्या शिष्याला पहिल्याच दिवशी ऐकवायचे.

बुवांचं नाव होतं ते अतिविलंबित गाण्यासाठी. एका मात्रेपासून दुसऱ्या मात्रेपर्यंत इतकी ऐसपैस जागा, की मधल्या वेळात माणूस खाली जाऊन चहा पिऊन येईल. हा विनोद बेळगावात जुना आहे आणि तो बुवांच्या तोंडावर करायची कोणाची छाती नव्हती. त्या मोकळ्या जागेत न घाबरता फिरून नेमकं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अलगद येऊन उतरावं ते त्यांनीच. यात खोटं काही नव्हतं. आणि खोटं नव्हतं म्हणूनच त्यांचं बाकीचं सगळं गावानं खपवून घेतलं.

नीलम खानापूरकडची. वडील मारुतीराव शेतकरी, आणि ही उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या फाउंड्रीच्या ऑफिसात कारकून. पस्तिशीला आलेली, लग्न न केलेली, गाण्यापायी वेडी. शनिवारी ऑफिस सुटलं की बसनं शहापूर गाठायची, विणकरांचे माग बंद पडलेल्या बोळातून चालत यायची आणि बुवांच्या माडीचा जिना चढली की दाराची चौकट धरून उभी राहायची. दम लागायचा तिला.

"आली का लोंढा पॅसेंजर?" बुवा विचारत. "वाफ संपलेली दिसते."

बाकीच्या शिष्या हसत. गुरूच्या विनोदाला न हसणं हा त्या खोलीत गुन्हाच होता, पण त्या काही भीतीपोटी हसत नव्हत्या. दुसऱ्याचा अपमान फुकटात बघायला मिळाला तर कोणाला नको असतो?

नीलमला हवं होतं ते एवढंच: संगीत मंडळाच्या वार्षिक बैठकीत बुवांच्या आधी थोडा वेळ बसून गायला मिळावं. तिच्या गळ्याला ते शोभलंही असतं. बुवा दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत आणि तिला मागं तंबोऱ्यावर बसवत. आवाज चांगला आहे हे बुवांनाही ठाऊक होतं, आणि माझ्या मते घोडं तिथंच अडलं होतं.

अशात तिची मान हलायला लागली.

आधी अगदी थोडी. स्वस्थ बसलेली असली तरी डोकं पुढं-मागं, पुढं-मागं, बारीक झटके खात राही. मग ते खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसायला लागलं. बुवांनी गाणं थांबवलं.

"मान कोणाला हलवतेस गं?"

"मी न्हाय हलवत बुवा. ती आपसूक हलतीया."

"'नाही' म्हणावं. 'न्हाय' तुमच्या बांधावर."

"मी नाही हलवत."

"मग काय, देवी आली अंगात? थांबव ती."

ती थांबवायला गेली की अंग ताठ व्हायचं, सूर चोंदायचा आणि मान तशीच हलत राहायची.

बुवांची नजर तरबेज. मान ठेक्याबरोबर हलत नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं. ठेका आपला संथ चाललेला आणि हिची मान मधेच स्वतःच्या चालीनं चाललेली. गळ्याच्या दोन्ही अंगांच्या शिरा उडत होत्या, त्याही त्यांनी पाहिल्या. आणि एवढं सगळं अचूक पाहून शहाण्यानं निष्कर्ष काय काढावा? पोरगी मनात चोरून दुसरीच लय मोजते! लयीच्या माणसाला जगात सगळीकडं लयच दिसते. त्यामुळं त्यांच्या लेखी हा आजार नव्हता, ही बेइमानी होती.

शिक्षाही त्यांनी तशीच काढली. एक पितळी फुलपात्र पाण्यानं काठोकाठ भरायचं आणि तंबोरा घेऊन बसलेल्या नीलमच्या डोक्यावर ठेवायचं. पाणी सांडलं तर तास संपल्यावर तिनंच सगळी खोली पुसायची. पाणी अर्थात दर शनिवारी सांडे. कपाळावरून, नाकावरून ओघळे, आणि ती दोन्ही हात तंबोऱ्यात अडकल्यामुळं पुसूही शकत नसे. त्या ओल्या तोंडानं तारा छेडत राही. तास संपला की पदर खोचून फरशी पुसायला बसे आणि पुसताना इतकी धापा टाके, की बुवा म्हणत, "फरशी पुसायलासुद्धा श्वास पुरत नाही, आणि म्हणे मंडळात गायचंय."

असं दिवाळीपासून शिमग्यापर्यंत चाललं. तिनं घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मारुतीरावांनी क्लास बंद केला असता, आणि क्लास बंद म्हणजे मंडळ कायमचं बंद. लाचार माणसाची बुद्धी अशीच चालते, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

क्लासात येणाऱ्या एका मुलीची आई डॉक्टर होती, तेजस्वी तिचं नाव. हृदयाचेच पेशंट बघायची. एका शनिवारी ती लेकीला न्यायला जरा लवकर आली आणि दारात थांबली. समोर डोक्यावर फुलपात्र घेतलेली बाई आणि फुलपात्रातल्या पाण्यावर थडथड उठणारे तरंग. डॉक्टर थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिली, मग नीलमच्या गळ्याकडं. गाणं चालू असताना सरळ आत आली, फुलपात्र उचलून खाली ठेवलं, नीलमचं मनगट धरलं आणि तिचा हात डोक्याच्या वर उंच उचलला. बोटांखाली नाडी जोरात आपटत होती आणि आपटल्या आपटल्या नाहीशी होत होती.

"अहो, क्लास चाललाय," बुवा म्हणाले.

"तुला लहानपणी सांधे धरून ताप आला होता का?" डॉक्टरनं नीलमला विचारलं.

"व्हय. शाळा बुडालती वर्षभर."

"सोमवारी दवाखान्यात ये. वडलांना घेऊन ये. आणि हे पाणी पुन्हा डोक्यावर घेऊ नकोस."

सोमवारी पडद्यावर काळीज दिसलं. मारुतीराव टोपी हातात घेऊन पडद्याकडं बघत होते. लेकीच्या पोटात काय शिजतंय याचा माणसाला अंदाज असतो, पण छातीतलं असं उघडं बघायची वेळ कोणावर येऊ नये.

डॉक्टर बोट ठेवून सांगत होती. हा डावीकडचा खालचा कप्पा. हा आवळला की रक्त या झडपेतून मोठ्या रक्तवाहिनीत आणि तिथून अंगभर जातं. झडपेला तीन पाकळ्या असतात. रक्त गेलं की त्या घट्ट मिटतात. हिच्या मिटत नाहीत. लहानपणच्या तापानं त्यांच्या कडा आखडल्यात. त्यामुळं वर गेलेल्यातलं बरंचसं रक्त पुन्हा खाली येतं. तो रंगीत लोट दिसतोय ना वरून खाली येणारा, तो तिथं असायलाच नको.

"म्हंजे हिरीवरच्या मोटारीच्या पायपाचा बुडातला फुटवॉल गळावा तसं," मारुतीराव म्हणाले.

"साधारण तसंच. पण तुमच्याकडं पाणी विहिरीत परत जातं आणि मोटार कोरडी पडते. इथं परत आलेलं रक्त मोटारीतच उतरतं. फुप्फुसाकडून नवीन रक्त येतंच असतं, त्यात हे जुनं. दोन्ही एकाच कप्प्यात. मग कप्पा फुगतो. पुढच्या ठोक्याला त्याला नेहमीपेक्षा खूप जास्त रक्त फेकावं लागतं, म्हणून तो जोरानं फेकतो. त्या जोरानं गळ्याच्या शिरा उडतात, मान हलते. आणि फेकलेलं निम्मं परत."

"मग मी मुद्दाम हलवत न्हवते," नीलम म्हणाली. एवढंच तिला विचारायचं होतं बहुतेक.

"तुला थांबवता आलीच नसती. ठोक्यागणिक हलते ती." डॉक्टरनं पडद्यावर दोन ठोक्यांमधली सपाट जागा दाखवली. "गळती होते ती इथं, काळीज विसाव्याला असतं तेव्हा. ठोके जितके संथ, जितकी ही जागा मोठी, तितकं जास्त रक्त मागं येतं."

नीलमला हसू आलं. बुवांची अख्खी कीर्ती दोन मात्रांमधल्या जागेवर उभी होती, आणि तिचं काळीज तेवढ्याच जागेत गळत होतं. हसल्यावर तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. झडप बदलायला हवी, आणि लवकर, असं डॉक्टरनं मारुतीरावांना बाहेर नेऊन सांगितलं.

नीलम बुवांकडं सांगायला गेली. ऑपरेशन आहे, काही महिने येता येणार नाही, पण माझी जागा ठेवा, असं काहीतरी ती बोलली. बुवांनी ऐकून घेतलं.

"तरीच म्हटलं," ते म्हणाले. "मुळातच बेताल. मी उगाच मानेला दोष देत होतो."

"मी परत येईन, बुवा."

"जिना चढताना इथंच काही झालं तर पोलीस माझ्या दारात यायचे. तू आता गाणं ऐक. रेडिओवर चांगलं लागतं."

यावर खोलीत कोणी हसलं नाही.

ऑपरेशन बेळगावातच झालं. छातीचं हाड मधोमध उघडलं, आखडलेल्या पाकळ्या कापून काढल्या आणि तिथं धातूच्या कड्यात बसवलेल्या दोन कडक पाकळ्यांची झडप टाचली. बुवा भेटायला गेले नाहीत, कोणाला पाठवलंही नाही. मालुबाई, नीलमची आई, पुढं कितीतरी दिवस या एका गोष्टीवरून बुवांचा उद्धार करत होती. नीलमनं मात्र एका शब्दानं तक्रार केली नाही, आणि हे आईला समजायला हवं होतं. गप्प माणूस काहीतरी राखून ठेवत असतो.

मान हलायची थांबली. जिना चढताना दम लागेना. रक्त आता गेलं की गेलं, मागं यायचं नाव नाही. फक्त एक नवीनच सुरू झालं. प्रत्येक ठोक्याला धातूची झडप मिटायची आणि टिक् वाजायचं. शांत खोलीत शेजारी बसलेल्याला ते ऐकू येई.

"घड्याळ गिळल्यावानी वाजतीस गं," मालुबाई म्हणाली.

डॉक्टर म्हणाली, सवय होईल. सवय झालीही. आरशासमोर दात घासताना नीलमला आणखी एक गोष्ट कळली. ओठ मिटलेले असले की आवाज आत राहतो. तोंड उघडलं की तो चांगला मोठा होऊन बाहेर पडतो.

इकडं गावात तेजस्वी डॉक्टरचं कौतुक सुरू झालं. नुसतं पाणी थरथरताना बघून रोग ओळखला म्हणे. हे कौतुक फिरत फिरत बुवांच्या कानावर आलं, आणि बुवांना दुसऱ्याचं कौतुक कधी पचलेलं नव्हतं. महिन्याभरात गोष्ट पालटली. "पाणी कोणी ठेवलं होतं?" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागले. "मला पहिल्या दिवशीच शंका आली होती. म्हणून तर परीक्षा घेत होतो. मी फुलपात्र ठेवलं नसतं तर पोरगी केव्हाच गेली असती." ज्या पोरी तेव्हा खदाखदा हसल्या होत्या, त्या आता बाजूला बसून गंभीरपणे माना हलवत.

मंडळाचा चिटणीस आशुतोष याला ही गोष्ट फारच आवडली. बुवांची पंच्याहत्तरी आली होती. सत्काराच्या मैफलीत गुरूनं वाचवलेली शिष्या मागं तंबोऱ्यावर, याहून चांगलं काय! बुवांनी निरोप धाडला. नीलम आली.

"मला आधी थोडं म्हणू द्या, बुवा," ती म्हणाली. "दहा मिनिटं. डॉक्टरांनी परवानगी दिलीया. मी रोज रियाज करते."

"छातीवर शिवण घेतलेल्या बाईचं गाणं लोक ऐकत नाहीत, शिवण बघत बसतात. तंबोरा धर. पुढच्या वर्षी बघू."

तिनं मान खाली घातली. मग म्हणाली, "माझ्या छातीतनं आवाज येतो. बारीक हाय, पण येतो. मी जरा मागं सरून बसते."

"काही मागं सरायचं नाही. फोटोत माझ्या खांद्याशेजारी दिसायला हवीस."

तिनं त्यांना सावध केलं होतं. हे लक्षात ठेवलं पाहिजे, कारण नंतर तिच्याबद्दल बेळगावात बरंच वाईट बोललं गेलं.

मैफलीच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. हार झाले, भाषणं झाली, फुलपात्राची कथा आशुतोषनं गळा दाटून सांगितली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नीलमला उभं राहून नमस्कार करायला लावलं. पहिल्या रांगेत मारुतीराव आणि मालुबाईला बसवलं होतं. लेकीच्या डोक्यावरच्या पाण्याची गोष्ट त्या दोघांनी त्या दिवशी, त्या टाळ्यांच्या गजरात, पहिल्यांदा ऐकली. मारुतीरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बुवा बसले. तबल्यावर रविराज, हुशार आणि सालस माणूस, बुवांचं सगळं ऐकून घेणारा. मागं बुवांच्या उजव्या खांद्याला लागून नीलम. तंबोऱ्यासाठी वेगळा माइक तिच्या छातीसमोर ठेवला होता, आणि बुवांना स्टेजवरचं सगळं नीट ऐकू यावं म्हणून त्यांच्या गुडघ्यापाशी एक छोटा स्पीकर.

आलाप रंगला. लोकांनी डोळे मिटले. नीलमचे ओठ मिटलेले होते. अजूनही ती तशीच बसून राहिली असती, आणि सत्कार सुखरूप पार पडला असता. आलाप संपवताना बुवांनी मान न वळवता हळूच म्हटलं, "खालच्या सुराची तार नीट वाजव. फाउंड्री नाही ही." माइकनं ते उचललं. हॉलमध्ये हशा पिकला. पहिल्या रांगेत मालुबाईनं पदर तोंडाला लावला.

ख्याल सुरू झाला, संथ, अगदी संथ. नीलमनं तोंड थोडंसं उघडलं.

टिक्.

बुवांच्या पाठीचा कणा ताठ झाला. मागांच्या खटखटीत त्यांची उभी हयात गेली होती, पण मागाची खटखट एकसारखी असते, तिला बाजूला सारता येतं. हा आवाज गुडघ्यापाशी होता, कानामागं होता आणि जिवंत होता. बुवांच्या एका मात्रेत तो कितीतरी वेळा वाजत होता. ज्या रिकाम्या जागेचे ते राजे, त्या जागेत दुसरंच कोणीतरी येऊन बसलं होतं. पहिली सम त्यांनी कशीबशी गाठली. श्रोत्यांना कळलं नाही, रविराजला कळलं.

दुसऱ्या आवर्तनात नीलमच्या लक्षात आलं की बुवांचा मांडीवरचा हात आता तिच्या टिकटिकीला धरून पडतोय. तिनं ते पाहिलं आणि तिला आनंद झाला. साधा, नीच, अंगभर पसरणारा आनंद. आनंदानं काळीज जोरात चालायला लागलं. ते जोरात चाललं तसा बुवांचा हातही घाई करू लागला. विलंबिताचा राजा, पंच्याहत्तरीच्या सत्कारात, आपल्या शिष्येच्या नाडीमागं पळत सुटला. तबला बरोबर चालला होता. बुवांनी डोळे वटारून रविराजला म्हटलं, "ओढतोस काय लय?" बिचाऱ्यानं ठेका चढवला. नीलमच्या डोळ्यांसमोर ओली फरशी आली आणि ठोके आणखी वाढले.

बुवा समेवर आले ते तबल्याच्या आधीच. पुन्हा मुखडा, म्हणजे समेकडं नेणारी बंदिशीची ओळ, घेतला, पुन्हा आधी आले. तिसऱ्यांदा नंतर आले. हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. "म्हातारं झालं की हो," मागून कोणीतरी कन्नड हेल काढून म्हणालं. लोक हसले. मघाशी टाळ्या वाजवणारे तेच लोक.

बुवा थांबले. मागं वळले. माइक त्यांच्या तोंडाशीच होता.

"बंद कर ते," ते म्हणाले.

"काय बुवा?"

"ते टिकटिक. बंद कर म्हणतो ना."

सगळ्या हॉलनं ऐकलं. नीलमनं तारांवरची बोटं थांबवली नाहीत.

"ते काळीज हाय बुवा," ती म्हणाली. "बंद केलं तर मी मरीन."

हॉल एकदम गप्प झाला. आता ते सगळ्यांनाच ऐकू येत होतं. आपल्याला या स्टेजवर, किंवा कुठल्याच स्टेजवर, पुन्हा कोणी गायला बसवणार नाही हे नीलमला त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. आशुतोष विंगेतून हातवारे करत होता. रविराज तबल्यावर हात ठेवून खाली बघत होता. मैफल मोडली तरी गवई उठेपर्यंत तंबोरा थांबवायचा नसतो. बुवांना गुडघ्यांमुळं आधाराशिवाय उठता येत नव्हतं, आणि पुढं होऊन आधार द्यायचं काम तंबोऱ्यावरच्या शिष्याचं असतं. बुवांनी तिच्याकडं हात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. नीलम तारा छेडत बसून राहिली.